धारेच्या दुधात बोटं बुडवू नका

'जुन्या लोकांची धार काढायची पद्धत' असा एक मेसेज खानापूरपासून निपाणीपर्यंत फिरतोय. बेळगुंदीच्या आमच्या मावशीने तो वाचून म्हशीचे सड धुवायचंच सोडलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज सांगतो: रेडकू चोखलं की सड आपोआप स्वच्छ होतो, बोटं धारेच्याच दुधात बुडवून सडाला लावावीत म्हणजे सड फुटत नाहीत, पहिली धार टाकणं म्हणजे लक्ष्मी लाथाडणं, आणि उकळलं की दुधात काही उरत नाही.

बोटं बुडवायचं आधी घेते, कारण सगळ्यांत घातक तेच. ओली बोटं सडावरून खाली सरकली की सडावरचं शेण त्या दुधात कालवलं जातं आणि मुठीतून गळणारे मळकट थेंब परत चरवीतच पडतात. मग तीच बोटं पुन्हा चरवीत, पुन्हा दुसऱ्या सडाला. एका सडाला दगडी (कासेला सूज आणणारा संसर्ग) असली तर ती चारही सडांना आणि पुढच्या म्हशीलाही लावायची याहून सोपी युक्ती नाही. खानापूरकडे पावसाळाभर गोठा ओला असतो, तिथे तर विचारूच नका. म्हणे दुधाने सड फुटत नाहीत! सड फुटतात ते अंगठा मुडपून ओढल्याने आणि ओलेच वाऱ्यावर सोडल्याने. कोरड्या हाताने, अख्ख्या मुठीत धरून, वरून खाली एकेक बोट आवळत धार काढा. त्याआधी हात साबणाने धुवा, सड कोमट पाण्याने धुवा आणि दर म्हशीला वेगळं फडकं घेऊन कोरडे पुसा. अख्ख्या कासेवर पाणी ओतलं आणि पुसलं नाही, तर सगळी घाण ओघळून सडाच्या टोकाशी येते.

रेडकाचं निम्मं खरं आहे, ते मान्य. रेडकू तोंड लावेपर्यंत बऱ्याच म्हशी पान्हा सोडत नाहीत. पण लाळ म्हणजे औषध नव्हे. रेडकू बाजूला केलं की सड धुवा, पुसा आणि लगेच बसा. पान्हा पाच-सात मिनिटंच टिकतो.

पहिल्या तीन-चार धारा काळं फडकं बांधलेल्या वाटीत काढा. त्यावर पांढरी गुठळी लगेच दिसते. दिसली तर त्या सडाचं दूध शेवटी आणि वेगळं काढायचं, कॅनमध्ये मिसळायचं नाही. फॅट पहिल्या धारेत सगळ्यांत कमी असतं, शेवटच्या धारेत सगळ्यांत जास्त. लक्ष्मी कुठे असते ते यावरून बघा.

उकळण्याने जंतू मरतात, खरंय. पण दगडी करणाऱ्यांतलाच एक, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, दूध कोमट राहिलं की त्यात विष सोडतो. ते विष अर्धा तास उकळूनही टिकतं. उलट्या त्यानेच होतात.

सगळ्यांत कामाची गोष्ट मेसेजात नाहीच. धारेनंतर अर्धा तास तरी सडाचं तोंड उघडं असतं. इंग्लंडात 1960 च्या दशकात नीव्ह, डॉड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठ्यागोठ्यांत प्रयोग केले. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवले तर कासेला नव्याने होणारा संसर्ग जवळपास निम्मा होतो, असं त्यांना दिसलं. ते गोठे मशीनचे होते, पण सडाचं तोंड हाताच्या धारेनंतरही तसंच उघडं राहतं. अर्धा टक्का आयोडीनचं, ग्लिसरीन घातलेलं द्रावण छोट्या कपात घ्या. रेडकू पिऊन झालं की प्रत्येक सड त्यात बुडवा. सड फुटू नयेत म्हणून जे हवं ते या ग्लिसरीनमध्ये आहे. मग लगेच वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील, शेणात बसणार नाही.