डॉक्टरांवरचा ठपका अर्धाच खरा

'कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी मुंबईच्या कापड गिरण्या बुडवल्या', असं गिरणी संपावरच्या तुमच्या लेखात एका वाक्यात उरकलंय, ते पटलं नाही. मी ठाण्याचा. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात सामंतांचा उल्लेख 'डॉक्टर' असाच व्हायचा. त्यांनी केलेल्या करारानंतरची पहिली पगाराची पावती आईने महागाई भत्त्याच्या आकड्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली होती. पुढे त्याच कारखान्याला टाळं लागलं आणि हिशेबाच्या पैशांसाठी वडिलांनी गेटवर हेलपाटे घातले, हेही तितकंच खरं.

जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कायद्याने बोलणी करण्याचा हक्क फक्त मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि कामगारांना नेमकी तीच नको होती. सरकार तिथेच अडून बसलं. मालकांना भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड मिळत होतं, त्यांना घाई कसली? डॉक्टरांनी हे ओळखायला हवं होतं. माघारीची वाटच त्यांनी ठेवली नाही, संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला नाही. किती बिऱ्हाडं कोकणात, घाटावर परतली! हा दोष मी त्यांच्या पदरात घालतोच.

पण १९८४ च्या काँग्रेस लाटेतही याच गिरणगावाने त्यांना लोकसभेवर पाठवलं. ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांचा हा कौल लेखात यायलाच हवा होता. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांना गोळ्या घातल्या, तेव्हाही ते कामगारांच्याच कामाला निघाले होते.