लाल व्हा गं बायांनो!

मी ‘रक्ताचं काहीतरी’ करते, एवढंच आमच्या घरी ठाऊक. हिमोग्लोबिन वाढेना म्हणून फोनवर कुरकुरले की आई म्हणते, “अगं, बीट दे, खजूर दे!”

माझ्या बाया बीट खात नाहीत. त्या म्हणजे के-५६२ नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका ५३ वर्षांच्या बाईच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून काढलेल्या. १९७५ साली त्यांची हकीकत छापून आली. ३७ अंशांची ऊब, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वर सीरम घातलेलं खाणं. जावयाचेही एवढे लाड होत नाहीत. दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा खाणं बदलायला मी हजर. आणि या काय करतात? साधारण दिवसाला दुप्पट होतात. बस्स.

त्यांना ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, बनवायला लावायचं तर हेमिन हे लोह असलेलं रंगद्रव्य घालायचं. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कलीत विरघळवावं लागतं. मग पिपेट, एप्रन, नखं, सगळं तपकिरी. चार दिवसांनी सेंट्रिफ्यूज फिरवलं, नळीच्या बुडाशी तांबूस ठिपका! मी नळी उजेडात धरून हरखले. सर म्हणाले, “हिमोग्लोबिन कशावरून? हेमिनचाच रंग असेल.”

म्हणून बेंझिडिन. हिमोग्लोबिनवाल्या पेशी त्याने निळ्या होतात. हे रसायन स्वतःच कर्करोग करतं, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मोजायच्या त्या अशा शाईने, दोन-दोन हातमोजे चढवून. एकशे त्र्याहत्तर, एकशे चौऱ्याहत्तर... “चहाला येतेस का गं?” झालं! पुन्हा एकपासून.

बरं, निळ्या झाल्या तरी बनवतात काय? भ्रूणातलं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन. मोठ्या माणसाचं बीटा ग्लोबिन जवळपास नाहीच. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या पेशी, आणि हौस बाळंतपणाआधीची! पण ही हौस कामाची आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात, ते गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवण्यासाठीच. गडचिरोली-नंदुरबारकडे हा आजार घरोघरी माहीत आहे, त्यामुळे तिकडची मैत्रीण माझ्या कामाला हसत नाही.

सर मात्र अधूनमधून सुनावतात, “शार्लट फ्रेंड या शास्त्रज्ञबाईंनी १९७१ सालीच उंदराच्या पेशी डीएमएसओ हे रसायन घालून लाल केल्या होत्या!” केल्या असतील. त्यांना चहाला कोणी हाक मारत नसेल.

सध्या पेशींना लाल करायला हेमिनऐवजी ब्युटिरेट हे रसायन चालू आहे. खवट लोण्याचा वास, केसांत मुरणारा. संध्याकाळच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये मला हल्ली खिडकीची जागा मिळते, आणि शेजारची सीटही रिकामी.