'रन'चे 645 अर्थ, आणि मराठीत म्हणे एका शब्दाला एकच

आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवसांत तीनदा आलेलं हे फॉरवर्ड तुमच्याकडेही आलंच असेल. त्यात म्हटलंय की इंग्रजीत 'रन' या एका शब्दाचे 645 अर्थ आहेत, कारण त्या भाषेकडे शब्दच कमी. मराठीत आणि संस्कृतात मात्र एका शब्दाला एकच नेमका अर्थ. आणि शेवटी सल्ला: मुलांनी रोज 10 अर्थ पाठ करावेत, 65 दिवसांत 'रन' संपेल.

मी सोडून दिलं असतं. पण सातवीतल्या माझ्या भाचीने खरोखर वही केली. पहिल्या पानावर 1 ते 10 आकडे, समोर अर्थ. ताईने कौतुकाने फोटो पाठवला आणि माझं डोकं फिरलं.

645 हा आकडा खरा आहे, तेवढं मान्य. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी 'रन' या क्रियापदाचे अर्थ नव्याने लावले तेव्हा साधारण तेवढे निघाले, आणि त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. 1989 च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'चा होता. पण ज्या कोशात पाच लाखांवर शब्द आहेत, त्या भाषेला शब्दांचा दुष्काळ कसा म्हणायचा? शब्द जितका रोजच्या वापरातला, तितके त्याला अर्थ फुटतात. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, संगणक आले, आणि लोकांनी हाताशी असलेला 'रन' त्यांना लावला.

आता 'मराठीत एकच अर्थ'. हे लिहिणाऱ्याला तहान लागत नाही का? झोप लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दूध खाली लागतं, भाजी चांगली लागते, नवं बाळही कुणाचं तरी कुणीतरी लागतं. गाडी फलाटाला लागते आणि घाटात माणसालाही गाडी लागते. जावं लागतं, रडायला लागतं. शंभर रुपये लागतात. फोन लागत नाही! हा शेवटचा अर्थ फोन आल्यावरचा, म्हणजे इंग्रजांनी 'रन'चं जे केलं तेच आपण 'लागणे'चं केलं. आणि खुद्द 'धाव' घ्या. क्रिकेटमधली धाव, बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव, मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जातात ती विहिरीची धाव, आणि सरड्याची कुंपणापर्यंतची. चार वेगळ्या गोष्टी, शब्द एक. मग मराठीही दरिद्री?

संस्कृतचं नाव घेताना तर अमरकोश उघडून बघायचा होता. त्याच्या तिसऱ्या कांडात अख्खा नानार्थवर्ग आहे, अनेक अर्थांच्या शब्दांसाठीच बांधलेला. तिथे एकट्या 'हरि'चे अर्थ वाचा: यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक, शिवाय पिंगट रंग. एका शब्दाला एकच अर्थ असता तर श्लेष कशावर केला असता? संस्कृतचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच तिच्या नावावर हे खपवलेलं सहन होत नाही.

सगळ्यात घातक आहे तो पाठांतराचा सल्ला. 'लागणे'चे अर्थ आपल्यापैकी कुणी पाठ केले? आई म्हणाली "दार लागलंय का बघ", आपण बघून आलो, अर्थ कळला. शब्द कुणाच्या सोबतीला बसलाय त्यावरून तो कळतो. भाचीच्या वहीत चौथ्या आकड्यासमोर 'चालवणे' आणि सातव्यासमोर 'वाहणे' होतं, पण "द टॅप इज रनिंग" विचारलं तर तिने "नळ पळतोय" सांगितलं. पोर हुशार आहे. तिच्या हातात फक्त यादी दिली होती, वाक्य एकही नव्हतं.

रविवारी मी तिच्याकडे गेले. आकडे खोडले आणि वाक्यं लिहायला बसलो. नाक वाहतंय. मामा दुकान चालवतो. पेट्रोल संपत आलं. "द बस रन्स एव्हरी अवर" पाशी ती बराच वेळ पेन्सिल चावत थांबली, मग तिने लिहिलं, "दर तासाला बस असते."