चार कोटी अंकांची मूळ संख्या आणि आत्याची मुदत ठेव

परवा आत्याचा फोन आला. “नेट बँकिंग बंद करून टाकू का रे? ठेवही मोडून आणते म्हणते.” कारण विचारलं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा निरोप. त्यात म्हटलंय की शास्त्रज्ञांना जगातली सर्वात मोठी आणि शेवटची मूळ संख्या सापडली, तिच्यामुळे सगळ्या बँकांचे कोड आता फुटतात, आणि ती काढायचं सूत्र इतकं सोपं की शाळकरी पोरही काढेल. असं काहीतरी वाचून माणसं मुदतीआधी ठेव मोडतात आणि हक्काचं व्याज घालवून बसतात. म्हणून लिहितोय.

बातमीचा गाभा खरा आहे, तेवढं मान्य. ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरांट यांना 2 चा 136279841 वा घात वजा 1 ही मूळ संख्या सापडली. ती 4 कोटी 10 लाख 24 हजार 320 अंकांची आहे आणि तोवर माहीत असलेल्या मूळ संख्यांत सर्वात मोठी ठरली. यापुढचं सगळं थोतांड.

आधी बँकेचं बघू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. अनेक बँकांच्या संकेतस्थळांचं कुलूप आरएसए पद्धतीचं असतं. दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडायच्या, त्यांचा गुणाकार करायचा आणि तो गुणाकार उघड ठेवायचा. कुलूप फोडायचं तर त्या गुणाकाराचे दोन मूळ अवयव शोधावे लागतात. हा गुणाकार साधारणपणे 617 अंकी असतो. आता सांगा, 4 कोटी अंकांची संख्या 617 अंकी संख्येचा अवयव कशी होईल? ज्या संख्येचा अवयव काढायचा, तिच्यापेक्षा तो मोठा नसतो, हे पाचवीतलं पोर सांगेल. शिवाय ड्युरांट यांची संख्या सगळ्या जगाला माहीत आहे, आणि कुलपासाठी लागते ती कुणालाच माहीत नसलेली.

मग 617 अंकांचे अवयव पाडणं किती अवघड? फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी आरएसए-250 ही 250 अंकी संख्या फोडली. हे काम संगणकाच्या प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या एकाच भागावर, टाकलं असतं तर सुमारे 2,700 वर्षं लागली असती. तेही 250 अंकांसाठी! अंक वाढतात तसं काम नुसतं दुप्पट-तिप्पट होत नाही, आवाक्याबाहेर जातं.

‘शेवटची’ मूळ संख्या हा तर निव्वळ अडाणीपणा. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलंय.

राहिलं ते सूत्र. 2 च्या घातांकात मूळ संख्या घाला, 1 वजा करा, मूळ संख्या हजर, असं निरोपात आहे. घातांक 2, 3, 5, 7 घेतले तर 3, 7, 31, 127 येतात आणि सगळं खरं वाटतं. 11 घ्या. 2048 वजा 1 म्हणजे 2047, आणि 2047 = 23 × 89. संपलं सूत्र. घातांक मूळ असावा लागतो हे खरं, पण तेवढं पुरत नाही. फ्रेंच गणिती मेर्सेनने 1644 साली 67 हा घातांक चालतो असं लिहून ठेवलं. दुसरा फ्रेंच गणिती लुकास, त्याने 1876 मध्ये ते खोटं ठरवलं, पण अवयव त्यालाही सापडले नव्हते. ते 1903 मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोलने दिले: 193707721 × 761838257287. कागद घेऊन गुणून पाहा, 147573952589676412927 येतं, म्हणजेच 2 चा 67 वा घात वजा 1. गुणायला एक दुपार पुरते, पण हे दोन अवयव शोधायला कोलने तीन वर्षांचे रविवार घालवले, असं सांगतात.

एक धोका मात्र खरा आहे, तो नाकारत नाही. 1994 साली अमेरिकन गणिती पीटर शोर यांनी दाखवलेली अवयव पाडायची रीत पुरेशा ताकदीच्या क्वांटम संगणकावर (अणूंच्या पातळीवरच्या नियमांनी चालणाऱ्या वेगळ्या जातीच्या संगणकावर) चालली, तर आरएसएचं कुलूप फुटेल. तसा संगणक अजून कुणी बनवलेला नाही. आणि त्याला तोंड देणाऱ्या नव्या कुलपांची मानकं अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्येच जाहीर केली आहेत, म्हणजे ही मूळ संख्या सापडायच्याही आधी.