गॅसभट्टीच्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री भाचीने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आत्या, पार्किंगमागच्या खोलीतली भट्टी अशी करून घेऊ का?’ मजकूर असा: मातीची भांडी भाजायची जुनी इलेक्ट्रिक भट्टी भंगारात देऊ नका. खाली भोक पाडा, शेगडीचा बर्नर बसवा, घरचा सिलेंडर जोडा. कॉइल राहू द्या. चिमणी नको, झाकण दोन बोटं उघडं ठेवा. एलपीजीला धूर नसतो म्हणून बंद खोलीतही चालतं. वीजबिल निम्मं. आठवडाभरात हा मला तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहिते आहे.

आधी धुराचं बोलू, कारण यात माणूस मरतो. एक किलो एलपीजी जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. १० बाय १०ची, १० फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर. अशी भट्टी तासाला किलो-दोन किलो गॅस सहज खाते. हिशोब करा! दारं-खिडक्या लावलेल्या असतील तर पहिल्या फायरिंगलाच, म्हणजे भाजणीलाच, ज्वाळेला हवा अपुरी पडेल आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरेल. त्यात लोक गॅसकडे वळतात ते तांब्याच्या लाल ग्लेझसाठी (ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप), आणि त्याला रिडक्शन लागतं. रिडक्शन म्हणजेच मुद्दाम हवा तोडणं. तिथे हा वायू आपण जाणूनबुजून तयार करतो. वास येईल म्हणाल, तर गॅसचा वास हा त्यात मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो ज्वाळेत जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, उकाड्याने असेल असं वाटतं, आणि माणूस तिथेच आडवा होतो.

दुसरा धोका ज्वाळा विझण्याचा. एलपीजी हवेपेक्षा जड. बर्नर विझला की गॅस भट्टीच्या तळाशी आणि जमिनीलगत साचत राहतो. अमेरिकेतल्या औद्योगिक भट्ट्यांच्या एनएफपीए ८६ या सुरक्षा-मानकात ७६० अंश सेल्सिअस ही रेषा आहे: भट्टी त्यावर तापली की आत आलेला गॅस आपोआप पेटेल असं धरता येतं, त्याखाली ज्वाळेवर पाळत ठेवणारी यंत्रणा हवी. आपण मातीकाम करणारे याच रेषेखाली तासन्‌तास मंद आच ठेवतो, भांड्यातला ओलावा निघावा म्हणून, आणि बरेचदा रात्री, झोपेच्या वेळी. ज्वाळा गेली की स्वतःहून बंद होणारा थर्मोकपलचा व्हॉल्व्ह हवाच. त्याचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

घरचा १४.२ किलोचा सिलेंडर व्यवसायाला वापरणं २०००च्या एलपीजी आदेशानुसार बेकायदा आहे. शिवाय गॅस भराभर ओढला की सिलेंडर बाहेरून गार पडून त्यावर बर्फ धरतं, दाब उतरतो आणि ऐन वेळी तापमान अडकतं.

कॉइल ठेवायची नाही. ती कँथल या मिश्रधातूच्या तारेची असते, आणि त्या तारेला जपणारा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर रिडक्शनमध्ये खराब होतो. आणि वीजबिल? विजेच्या भट्टीला चिमणी नसते. गॅसची बरीच उष्णता वरून निघून जाते. निम्म्याचा आकडा कशावरून काढला ते लिहिणाऱ्यानेच सांगावं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कॉइल गेलेली पण विटा शाबूत असलेली भट्टी गॅसवर होते. लोकांनी केली आहे, चालते. पण त्या विटा मऊ असतात, नखाने ओरखडा उमटतो. ज्वाळा थेट लागली तर भुगा सुटून ग्लेझवर पडतो. बहुतेक भट्ट्यांतली २३ नंबरची वीट १२६० अंशांपर्यंतची. कोन म्हणजे भाजणी किती तापली ते मोजायची आमची पायरी, आणि कोन १०ला त्याच्याही वर जावं लागतं. कोन ६पर्यंत ठीक आहे.

भाचीला सांगितलंय: कॉइल काढून ठेव, विटांना हात लावू नकोस. पाऊस सुरू व्हायच्या आत टेम्पोने भट्टी माझ्या अंगणात आणू. माझी पत्र्याची शेड तीन बाजूंनी उघडी आहे. भोक मी पाडीन, मास्क लावून, आणि व्हॉल्व्ह आल्याशिवाय काडी लावणार नाही.