एका लेन्सवर कोकण: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. हलकं सामान घेऊन कोकणात फोटो काढत फिरण्यावर मी जे लिहिलं होतं, त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: एक बॉडी आणि झूम न होणारी एकच 35 मिमीची लेन्स घेऊन जाणं म्हणजे अर्धं कोकण सोडून परत येणं. पक्षी आणि डॉल्फिन यांना टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लागतेच. ट्रायपॉडशिवाय संध्याकाळचा समुद्र हाती येत नाही. आणि असलं वाचून नवी मुलं आळसालाच शैली समजायला लागतात. शेवटी तुम्ही विचारलंय, तो एकुलता एक कॅमेरा बंद पडला तर? इतक्या तळमळीने कुणी लिहिल्यावर दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं नाही.

पक्ष्यांचं आधी घेते, कारण तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. उंच झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड बसला असेल तर 35 मिमीत ठिपका येतो, बाकी काही नाही. तिथे 400 ते 600 मिमीच हवी. पण मग ती एकच घ्या आणि बाकीच्या घरी ठेवा, एवढंच माझं म्हणणं. 35 मिमी ही माझी आवड आहे, तिचा मी नियम केलेला नाही. या फेरीत आपण कशासाठी चाललोय हे घरातून निघताना ठरवायचं आणि त्याला लागेल तेवढंच उचलायचं. सगळंच सापडेल या आशेने सगळंच घेतलं की काय होतं ते तुम्हालाही ठाऊक असणार. फुल फ्रेम बॉडी, 24-70, 70-200 आणि दोन किलोंच्या आसपासची 150-600 अशा तीन झूम लेन्स आणि वर ट्रायपॉड, म्हणजे पिशवीचं वजन धरून सात-आठ किलो होतातच. त्यात कपडे नाहीत, पाणी नाही.

तुमची गाडी असेल तर हे वजन डिकीत राहतं. मी रेल्वेने आणि एसटीने फिरते, बहुतेक वेळा एकटी. दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला, आगरदांड्याहून दिघीला जेटीने पलीकडे जायचं आणि उतरल्यावर मिळेल त्या रिक्षाने किंवा वडापने पुढे. एकट्या बाईला चहा प्यायला किंवा बाथरूमला जातानासुद्धा सगळं सामान बरोबर न्यावं लागतं, 'जरा बघा हो' म्हणून लाखभराचं सामान कुणावर सोपवता येत नाही. पिशवी मांडीवर मावेल एवढीच असली की एसटीत खिडकीशी बसता येतं आणि मधल्याच एखाद्या थांब्यावर मनात आलं तर उतरता येतं. माझे कितीतरी आवडते फोटो अशा मधेच उतरण्यातून आलेत. वजन कमी करण्यामागे मला त्यागबिग काही दिसत नाही. जिथे फोटो आहे तिथे पोचता यावं म्हणून ते करायचं.

हर्णैचंच बघा. दुपार कलली की बंदरावर लिलाव सुरू होतो. होड्या थोड्या आत उभ्या असतात आणि गुडघाभर पाण्यातून बैलगाड्या मासळी किनाऱ्याला आणतात. ओली वाळू, बर्फाचा चुरा, पायाखाली खवले, टोपल्यांभोवती बायकांचं कडं. लांबून 200 मिमीने इथे डोक्यांच्या मागच्या बाजू मिळतात. कडं फोडून आत जायचं तर हात मोकळे हवेत, पाठीवर कुणाला धक्का लागेल असं काही नको, आणि हातातली वस्तू बघून समोरचं माणूस आखडायला नको. एकदा एक मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आधी म्हावरं घे, मग फोटो काढ." मी पापलेट घेतलं. मग त्यांनीच सरकून जागा दिली आणि बोली लावताना टोपलीवर पालथा ठेवलेला त्यांचा हात मला दोन फुटांवरून मिळाला, नखांत अडकलेल्या खवल्यांसकट. तो फोटो टेलीने आला नसता असं मी म्हणत नाही, पण टेली घेऊन मी तिथे उभीच राहिले नसते.

आता संध्याकाळचा समुद्र. माझ्या अनुभवात या किनाऱ्यावर ट्रायपॉडपेक्षा पंचांग जास्त कामाला येतं. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस सूर्य बुडताना पाणी नेमकं लांब गेलेलं असतं, आणि उधाणाचे दिवस असल्याने नेहमीपेक्षा जास्तच लांब. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर त्या वेळी ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरतं. अष्टमीला तिथेच गेलात तर संध्याकाळी भरती, तीही भांगाची, म्हणजे कमी चढणारी. लाटांना जोर नाही आणि आरशासारखी वाळूही नाही. मग कितीही भारी ट्रायपॉड लावा, फोटोत ती वाळू येणार नाही.

लाटा धूसर करायला संथ शटर लागतं, हे मान्य. पण आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हात हलला तरी सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवायची सोय असते. पाव सेकंद हातावर निभतो, त्याहून जास्त हवं असेल तर मी पंच्याची जाड घडी कट्ट्यावर ठेवते, त्यावर कॅमेरा, आणि दोन सेकंदांचा टायमर. पंचा तसाही बरोबर असतोच: अंग पुसायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, आणि टॉवेलच्या निम्म्या वेळात वाळतो. शिवाय सिंधुदुर्ग, जंजिरा यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते, म्हणजे वाहून नेलेलं ओझं तिथे खांद्यावरच राहतं.

कातळशिल्पांच्या, म्हणजे सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) कोरलेल्या प्राचीन चित्रांच्या बाबतीत मात्र 35 मिमी अपुरी पडते. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, तो जमिनीवर उभं राहून एका फ्रेममध्ये घेणं अशक्यच. उक्षीला निदान बघण्यासाठी उंचवटा बांधलाय. बाकी सड्यांवर मी डोक्यावर हात ताणून, स्क्रीन खाली वळवून दोन-तीन फ्रेम घेते आणि घरी जोडते, किंवा फोनची अल्ट्रावाइड वापरते. पण इथेही खरा प्रश्न लेन्सचा नाही. जांभ्यातल्या या रेषा उथळ आहेत. भर दुपारी गेलात तर पायाशी असूनही दिसत नाहीत. सूर्य कलता असला की रेषेच्या एका कडेला सावली पडते आणि प्राणी सड्यातून वर आल्यासारखा उठून दिसतो. म्हणून मुक्काम जवळच्या वाडीत करायचा आणि उजाडताना सड्यावर चालत जायचं, तेही हलकी पिशवी असेल तरच होतं. आणि हात जोडून एक विनंती, तुमच्यासकट सगळ्या वाचणाऱ्यांना: रेषा उठाव्यात म्हणून त्यांत खडू घासू नका, रेषांवर पाय देऊ नका. 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, पण बरीचशी आजही उघड्या सड्यावरच आहेत.

वेळासला कासवाची पिल्लं सोडतात तेव्हाही फ्लॅश आणि टॉर्च नकोच. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्राकडे वळायच्या ऐवजी आपल्याकडे वळतात. तिथे लागते ती जास्त प्रकाश घेणारी लेन्स, आणि एफ 2 ची लहान प्राइम (झूम न होणारी लेन्स) ते काम मोठ्या झूमपेक्षा चांगलं करते.

मुलं आळशी होतील हा तुमचा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला, कारण मला त्यांची काळजी आहे. पण एका लेन्सवर आळस करताच येत नाही. जवळचं हवं असेल तर चालत जावं लागतं, बोलावं लागतं, 'काढू का' विचारावं लागतं. थोडं कापून जवळ आणायची मुभाही असते: 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 असतो, 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) ए-4 छपाईला 3508 बाय 2480 पुरतात. म्हणजे 35 मिमीचा फोटो 55 मिमीएवढा कापला तरी भिंतीवर लावायला उत्तम. कॉलेजच्या पोराला दुसऱ्या लेन्सचे पैसे साठेपर्यंत थांब म्हणण्यापेक्षा हे सांगणं मला जास्त योग्य वाटतं.

राहिला कॅमेरा बंद पडण्याचा प्रश्न. कोकणात कॅमेऱ्याला मुख्य धोका दोन गोष्टींचा, खारा वारा आणि दमटपणा. वाळूवर लेन्स बदलायचीच नसल्यामुळे सेन्सरवर मीठ-वाळू जायचा प्रश्न येत नाही. रोज रात्री ओलसर फडक्याने बॉडी टिपून मग कोरडी करायची, कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात. एसी डब्यातून रत्नागिरीला उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंदच ठेवायचा आणि बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढायचा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. पावसाळ्यात सुती कपडे पडवीत दोन दिवसांतही वाळत नाहीत, म्हणून तेव्हा नायलॉनचे घ्यायचे आणि वाचलेल्या जागेत सिलिका जेलच्या पुड्या. कार्ड दोन, बॅटऱ्या दोन. आणि एवढं करूनही बंद पडलाच, तर फोन आहे, त्यावर उरलेली फेरी पूर्ण करायची.