साथीला : फोन

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मी स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं म्हटलं आणि मानधन मिळालं माझ्या तबलजीला. तबलजी म्हणजे माझा फोन.

हौशी गीतकाराला खरा तबलजी परवडत नाही. यात तबलजींचा काही दोष नाही. त्यांनी वर्षानुवर्षं बोटं झिजवलेली असतात, आणि माझं गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागणार म्हणून वेगळा जोखीमभत्ता मागितला तरी मी वाद घालणार नाही. म्हणून ॲप. ताल निवडा, स्वर निवडा, लय लावा, की आतला गृहस्थ चहा न मागता सुरू होतो. परंपरा तशी जुनीच. बंगळूरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तबल्याच्या पेट्याही आल्या, आणि कित्येक घरांतला रियाज आजही त्यांच्याच जिवावर चालतो. तिकडे कॅनडात 1990 साली ‘बँड-इन-अ-बॉक्स’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं. त्यात कॉर्ड टाइप केल्या की बास, ड्रम, पियानो हजर. माझ्याकडे जुन्या बाजारातला कीबोर्डही आहे. डाव्या हाताने एक कॉर्ड दाबली की अख्खा वाद्यवृंद उठतो. त्यात पोल्का आहे, वॉल्ट्झ आहे, बोसा नोव्हा आहे. भजनी ठेका नाही. माझा एक अभंगवजा प्रयत्न मी पोल्क्यावर बसवून पाहिला. पंढरीरायाने कमरेवरचे हात काढून कानांवर ठेवले असते.

तर गच्चीवर ॲप होतं, आणि गाणं रूपक तालात. सात मात्रा, ती ती ना धी ना धी ना, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’ची, म्हणजे बिनटाळीची. माणूस तबल्याला असला की गायकाचा चेहरा बघतो. शब्द अडकला तर एखादं आवर्तन भरून काढतो, वर मान हलवून आपणच मुद्दाम थांबलो होतो असं दाखवतो. ॲपला चेहरा दिसत नाही. शिवाय ॲप फुकटातलं. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी तबला थांबला आणि स्पीकरमधून एक बाई अत्यंत प्रेमाने गृहकर्जाबद्दल बोलू लागल्या.

मसाला दुधाच्या रांगेत खजिनदार काकांनी मला गाठलं. हातात व्हाउचरबुक.

“तबल्याला कोण होतं?”

“ॲप.”

“पूर्ण नाव सांगा.”

“काका, माणूस नव्हता. फोनमधला तबला.”

“ते कळलं हो. पण ‘साथीदार मानधन, रुपये 251’ असं हेड आहे. जनरल बॉडीत पास झालंय. खर्ची नाही पडलं तर ऑडिटर मला धरतो.”

“मग मला द्या. शब्द माझे, चाल माझी, गायलोही मीच.”

“तुम्ही सभासद. सभासदाला मानधन देता येत नाही.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “फोन सभासद आहे?”

“नाही.”

“झालं तर मग. बाहेरचा कलाकार. तुम्ही ‘करिता’ लिहून सही करा. मुक्कामी कुठले ते? प्रवासखर्चाचं हेड वेगळं आहे.”

मी सही केली. पण रोख माझ्या हातात द्यायला काका तयार होईनात. पैसे ज्याचे त्यालाच पोचले पाहिजेत. मग त्यांनाच सुचलं. “फोनवरच पाठवतो ना! थेट त्यांच्याकडे.” टुंग वाजलं. माझ्याच खात्यात 251 रुपये, शेरा ‘तबलावादनाबद्दल’. निघताना म्हणाले, “पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवा. गायला कोणीतरी बघू. आणि मध्ये ते कर्जाचं निवेदन झालं ना, व्याजदर काय म्हणाल्या बाई?”

पैशांचं सोडा. बी विंगच्या काकूंना तबला “अगदी हातचा” वाटला. त्यांच्या यजमानांना स्पीकर कितीचा ते हवं होतं. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या अंतऱ्यात मी ‘काहूर’ शब्द आणून पुढे ‘हुरहुर’ टाळली होती. मराठीत भावगीत लिहिणाऱ्याने ‘हुरहुर’ टाळणं म्हणजे काय, हे ज्याने लिहून पाहिलंय त्यालाच कळेल. पोरांच्या परीक्षा, ऑफिस, वरच्या मजल्यावरचं ड्रिल सांभाळून ती ओळ जमली होती. नेमकी तीच गृहकर्जाखाली गेली, आणि एकालाही काही राहिल्यासारखं वाटलं नाही. तबला परत सुरू झाल्यावर मात्र टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी जाहिराती बंद करायचा पर्याय उघडला. वर्षाचे 299. तबलजीने आपली सगळी कमाई त्यात घातली. वरचे 48 गीतकाराने भरले.